क्रीडांगण, गल्ला आणि प्राध्यापक : शिकागो विद्यापीठाच्या फुटबॉल-इतिहासाची चिकित्सा

बीजसंज्ञा : शिकागो विद्यापीठ, अमेरिकी फुटबॉल, स्टॅग, हार्पर, हचिन्स, परीक्षापद्धती, प्राध्यापकांची स्वायत्तता

प्रास्ताविक

२१ डिसेंबर १९३९ रोजी शिकागो विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाने आंतरविद्यापीठीय फुटबॉल बंद करण्याचा निर्णय घेतला. या विद्यापीठाने मध्य-पश्चिम अमेरिकेत या खेळाला प्रतिष्ठा मिळवून दिली होती. त्याच्या संघाने सात वेळा ‘बिग टेन’ परिषदेचे विजेतेपद पटकावले होते. पुढे ‘हाइजमन ट्रॉफी’ म्हणून प्रसिद्धी पावलेला पुरस्कार पहिल्याच वर्षी, म्हणजे १९३५ साली, याच विद्यापीठाच्या जे बर्वांगर या विद्यार्थ्यास मिळाला होता. त्यानंतर अवघ्या चार वर्षांत खेळच बंद व्हावा, ही घटना अमेरिकी उच्च शिक्षणाच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. ती सांगण्याची रीतही आता ठरून गेली आहे. एका बाजूस तरुण, तत्त्वनिष्ठ अध्यक्ष रॉबर्ट मेनार्ड हचिन्स, दुसऱ्या बाजूस गर्दी, बँड आणि माजी विद्यार्थ्यांचा उन्माद, आणि अखेरीस बुद्धीने मैदानावर मिळवलेला विजय, असे त्या कथनाचे स्वरूप असते.

येथे फुटबॉल म्हणजे आपल्याकडे त्या नावाने ओळखला जाणारा खेळ नव्हे, हे प्रारंभीच स्पष्ट केले पाहिजे. लंबगोल चेंडू हातात घेऊन, प्रतिस्पर्ध्यांची फळी अंगबळाने फोडत पुढे नेण्याचा हा अमेरिकी खेळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो पूर्वेकडील जुन्या महाविद्यालयांत घडला आणि व्यावसायिक संघ निर्माण होण्यापूर्वी कित्येक दशके विद्यापीठांचाच खेळ म्हणून वाढला.

प्रस्तुत लेखात उपरोक्त रूढ कथनाची चिकित्सा केली आहे. त्यासाठी तीन ग्रंथरूप व लेखरूप साक्षी प्रामुख्याने विचारात घेतल्या आहेत : प्रशिक्षक ॲमॉस ॲलॉन्झो स्टॅग यांचे १९२७ सालचे ‘टचडाउन!’ हे आत्मकथन, हचिन्स यांनी डिसेंबर १९३८ मध्ये ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात लिहिलेला ‘गेट रिसीट्स अँड ग्लोरी’ हा लेख आणि रॉबिन लेस्टर यांचा ‘स्टॅग्ज युनिव्हर्सिटी’ हा १९९५ साली प्रसिद्ध झालेला संशोधनग्रंथ. या तिन्हींच्या तुलनेतून एक गोष्ट पुढे येते. शिकागोचा फुटबॉल हचिन्स यांच्या भाषणांनी संपला नाही आणि विश्वस्तांच्या ठरावानेही तो खऱ्या अर्थाने संपला नाही. त्याचा अंत प्राध्यापकांनी केला, तोही क्रीडाविषयक कोणताही ठराव न करता, परीक्षापद्धती बदलून. रूढ कथनात नेमकी हीच बाब हरवलेली आहे.

हार्पर यांची नेमणूक

जॉन डी. रॉकफेलर यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या विद्यापीठाचे वर्ग १ ऑक्टोबर १८९२ रोजी सुरू झाले. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे हिब्रू भाषेचे व्यासंगी अभ्यासक होते. येल येथे अध्यापन करीत असताना धर्मशास्त्राचा विद्यार्थी असलेला स्टॅग त्यांच्या परिचयाचा झाला होता. स्टॅग हे येलचे नामांकित खेळाडू होते आणि १८८९ साली निवडल्या गेलेल्या पहिल्या ‘ऑल-अमेरिका’ संघात त्यांचे नाव होते. धर्मोपदेशक होण्याचा विचार सोडून शारीरिक शिक्षणातून चारित्र्य घडविण्याचा मार्ग त्यांनी पत्करला होता. अशा स्टॅग यांना हार्पर यांनी शिकागोत बोलावले ते केवळ संघाला सराव देण्यासाठी नव्हे. त्यांना शारीरिक शिक्षण विभागाचे संचालकपद, सहयोगी प्राध्यापकाचा दर्जा आणि कायम नेमणूक देण्यात आली. प्रशिक्षकाला प्राध्यापकांच्या पंक्तीला बसवण्याची ही कृती त्या काळी अपूर्व होती.

या नेमणुकीचा अर्थ लावताना स्टॅग यांचे आत्मकथन आणि लेस्टर यांचा ग्रंथ परस्परविरुद्ध दिशांना जातात. स्टॅग यांच्या दृष्टीने हा शरीर, मन आणि धर्मभावना यांच्या एकात्मतेचा पुरस्कार होता. लेस्टर यांनी विद्यापीठाच्या दफ्तरातील पत्रव्यवहार तपासून दाखविले आहे की, नव्या संस्थेला नाव हवे होते, वृत्तपत्रांत रकाने हवे होते, शहरातील धनिकांचे लक्ष हवे होते. आणि हे सर्व ग्रंथालयापेक्षा मैदान लवकर मिळवून देऊ शकत होते. १८९४ च्या नाताळात शिकागोचा संघ थेट कॅलिफोर्नियापर्यंत गेला आणि सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनफर्डशी खेळला. वर्ग सुरू होऊन जेमतेम दोन वर्षे झालेल्या विद्यापीठाची ही मजल होती. तिला शैक्षणिक सहल म्हणणे कठीण आहे.

दोन्ही अर्थांपैकी लेस्टर यांचा अर्थ अधिक पुराव्यानिशी मांडलेला आहे यात शंका नाही. तथापि, त्यांच्या मांडणीत हार्पर काहीसे धूर्त जाहिरातदार होऊन बसतात, हे पटत नाही. याच हार्पर यांनी वर्षाचे चार सत्रांत विभाजन, विस्तार शिक्षण, पत्रद्वारा शिक्षण आणि विद्यापीठाची स्वतःची प्रकाशनसंस्था या गोष्टी उभ्या केल्या. त्यांच्या लेखी विद्यापीठ ही चार भिंतींत न मावणारी, सर्व समाजापर्यंत पोहोचणारी संस्था होती आणि फुटबॉल हा त्या पोहोचण्याचा एक भाग होता. वैचारिक प्रामाणिकपणा आणि प्रसिद्धीची हौस ही दोन्ही एकाच माणसात सुखाने नांदू शकतात. ही नांदणूक तपासणे हेच खरे तर समीक्षेचे काम आहे.

त्याच परिसरात एक तिरका निरीक्षकही वावरत होता. थॉर्स्टाइन व्हेब्लेन १८९२ पासून १९०६ पर्यंत शिकागोत होते आणि १८९९ साली आलेल्या ‘द थिअरी ऑफ द लेझर क्लास’ या ग्रंथात त्यांनी खेळांची गणना आधुनिक समाजात टिकून राहिलेल्या रानटी शौर्यवृत्तीच्या अवशेषांत केली. शारीरिक शिक्षणाशी फुटबॉलचा संबंध नावापुरता आहे, हे त्यांचे प्रतिपादन स्टॅग यांच्या विभागाच्या मुळावरच येणारे होते. व्हेब्लेन यांचे सहकारी त्यांना फारसे गंभीरपणे घेत नसत; आणि विद्यापीठाला त्यांचे फार काळ जमलेही नाही.

१९०५-०६ : प्राध्यापकांच्या हातातील अधिकार

या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा आणि कथनांत सर्वांत कमी जागा मिळालेला कालखंड १९०५-०६ हा होय.

पार्श्वभूमी अशी की, १८९६ साली शिकागो, मिशिगन, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, इलिनॉय, पर्ड्यू आणि नॉर्थवेस्टर्न या सात विद्यापीठांनी एकत्र येऊन एक परिषद स्थापन केली. हीच पुढे ‘बिग टेन’ म्हणून ओळखली जाऊ लागली. परंतु तिचे अधिकृत नाव ‘प्राध्यापक-प्रतिनिधींची आंतरमहाविद्यालयीन परिषद’ अशा अर्थाचे होते आणि ते १९८७ पर्यंत तसेच राहिले. म्हणजे खेळावर नियंत्रण कोणाचे, या प्रश्नाचे कागदोपत्री उत्तर अगदी स्पष्ट होते : प्राध्यापकांचे. खेळाडूची पात्रता, त्याची उपस्थिती, त्याचे गुण या सर्वांवर प्राध्यापक लक्ष ठेवतील, हे परिषदेचे मूळ सूत्र होते.

१९०५ साली या सूत्राची कसोटी लागली. त्या हंगामात देशभर मैदानावर झालेल्या मृत्यूंची संख्या वृत्तपत्रांनी अठरा-एकोणीस अशी दिली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑक्टोबरमध्ये पूर्वेकडील प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये पाचारण केले. कोलंबिया विद्यापीठाने हंगामाच्या अखेरीस हा खेळ बंद केला; तो १९१५ पर्यंत बंद राहिला. (डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात होते. म्हणजे त्यांची पहिली दोन वर्षे अमेरिकी विद्यापीठांच्या या गदारोळापासून मुक्त अशा परिसरात गेली.) नॉर्थवेस्टर्ननेही दोन हंगाम फुटबॉल स्थगित ठेवला. ‘कॉलियर्स’ साप्ताहिकाने मध्य-पश्चिमेतील विद्यापीठे खेळाडू कसे मिळवतात यावर लेखमाला छापली आणि तिच्या रोखात शिकागोही होते.

त्या मालेत ज्याचे नाव आले तो वॉल्टर एकर्सॉल शिकागोचा सर्वांत लोकप्रिय खेळाडू होता. प्रवेशासाठी आवश्यक ते विषय पुरे नसताना तो विद्यापीठात आला आणि पदवी न घेताच बाहेर पडला. मध्यंतरीच्या काळात विद्यापीठाला त्याने काय मिळवून दिले, याचे उत्तर ३० नोव्हेंबर १९०५ रोजी सुमारे सत्तावीस हजार प्रेक्षकांसमोर मिळाले. ५६ सामन्यांत पराभव न पाहिलेल्या मिशिगनला शिकागोने २-० असे हरवले. चेंडू घेतलेल्या खेळाडूला त्याच्याच सीमारेषेमागे रोखले असता प्रतिस्पर्ध्यास दोन गुण मिळतात. त्या दिवशीचे सर्व गुण एवढेच. शिकागोच्या क्रीडा-इतिहासातील हा सर्वोच्च क्षण मानला जातो.

हा विजय आणि प्राध्यापकांचे बंड एकाच हिवाळ्यातले आहेत, ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय पुढची तडजोड समजत नाही. शिकागोच्या प्राध्यापकांत खेळ स्थगित करावा अशी जोरदार मागणी होती आणि धर्मशास्त्र विभागाचे शेलर मॅथ्यूज यांच्यासारखे मान्यवर उघडपणे कठोर टीका करीत होते. विस्कॉन्सिनमध्ये इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी हीच बाजू लढवली, तेव्हा संतप्त विद्यार्थ्यांचा जमाव त्यांच्या घरावर चालून गेला. १० जानेवारी १९०६ रोजी हार्पर यांचे निधन झाले. त्याच महिन्यात मिशिगनचे अध्यक्ष जेम्स एंजेल यांच्या पुढाकाराने परिषदेचे प्रतिनिधी शिकागोत जमले. त्या वर्षी जे नियम ठरले ते आजही वाचण्याजोगे आहेत : हंगामात पाचच सामने, खेळाडूस तीनच वर्षे पात्रता, प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास संघात मज्जाव, खेळाडूंचे वेगळे भोजनगृह बंद, प्रशिक्षकाची नेमणूक विद्यापीठाकडून व माफक वेतनावर. हे नियम न मानवल्याने मिशिगन काही काळातच परिषदेबाहेर पडले आणि १९१७ मध्ये परतले.

नियम कडक होते, पण ते कोणत्या गोष्टीला हात लावत नव्हते हेही पाहिले पाहिजे. तिकीटविक्रीतून येणारा पैसा कोठे जातो, त्याचा हिशेब कोण तपासतो, हा विषय बाजूला राहिला. शिकागोत तर स्टॅग यांच्या विभागाचा जमाखर्च दीर्घकाळ विद्यापीठाच्या सर्वसाधारण शिस्तीपासून अलिप्त होता. प्राध्यापकांनी खेळाडूंची संख्या मोजली, सामने मोजले, वर्षे मोजली. गल्ला मोजला नाही. जो वर्ग वेतन आणि अनुदान या बाबतींत एरव्ही कमालीचा दक्ष असतो, त्याने येथे डोळेझाक का करावी, याचे लेस्टर यांनी दिलेले स्पष्टीकरण असे की स्टॅग स्वतः प्राध्यापक होते, सहकारी होते आणि वैयक्तिक जीवनात निष्कलंक होते. मद्य व तंबाखूला न शिवणाऱ्या, अपशब्द न उच्चारणाऱ्या माणसाच्या विभागाची झडती कोण घेणार? हार्पर यांच्या १८९२ च्या नेमणुकीने दिलेला दर्जा अशा रीतीने ढालीसारखा उपयोगी पडला. लेस्टर यांच्या ग्रंथातील हे विवेचन सर्वांत मोलाचे आहे.

परीक्षा आणि ओहोटी

१९०६ नंतरचा काळ शिकागोच्या वैभवाचाच होता. १९०७, १९०८, १९१३, १९२२ आणि १९२४ या वर्षी विजेतेपद मिळाले. १९२२ मध्ये प्रिन्स्टनविरुद्धचा सामना शिकागोने २१-१८ असा गमावला. त्याचे नभोवाणीवरून दूर पूर्वेपर्यंत प्रक्षेपण झाले. १९२४ साली रेड ग्रेंजच्या इलिनॉयला २१-२१ असे रोखले. त्यानंतर मात्र एकही विजेतेपद नाही.

ओहोटीची कारणे बाहेरचीही होती. ओहायो, इलिनॉय, मिशिगन या सरकारी विद्यापीठांनी १९२२ ते १९२७ या काळात प्रचंड प्रेक्षागारे बांधली. त्यांची विद्यार्थिसंख्या शिकागोच्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या कितीतरी पट होती. खुद्द शिकागो शहरात ‘बेअर्स’ हा व्यावसायिक संघ आला होता. या कारणांची नोंद सर्वच अभ्यासक घेतात. ज्या कारणाची नोंद ओझरती घेतली जाते ते मात्र विद्यापीठाच्या आतले आहे.

१९३१ साली शिकागोत ‘न्यू प्लॅन’ या नावाने ओळखली जाणारी पदवीपूर्व शिक्षणाची नवी योजना लागू झाली. तिचे श्रेय सामान्यतः हचिन्स यांना दिले जाते. परंतु तिची आखणी अधिष्ठाता चॉन्सी बाउचर आणि प्राध्यापकांच्या समित्यांनी केली होती. योजनेनुसार वर्गातील उपस्थिती सक्तीची राहिली नाही. प्रत्येक विषयाच्या तासिका भरून श्रेयांक साठवण्याची पद्धत गेली आणि तिच्या जागी सर्वसमावेशक परीक्षा आल्या. या परीक्षा वर्गात शिकवणाऱ्या प्राध्यापकाने नव्हे, तर स्वतंत्र परीक्षा-यंत्रणेने घ्यावयाच्या होत्या.

खेळाडूच्या दृष्टीने याचा अर्थ काय झाला? पूर्वी एखादा सोपा अभ्यासक्रम, एखादा सहानुभूती बाळगणारा अध्यापक आणि प्रशिक्षकाचा एक शब्द यांवर पात्रता टिकवता येत असे. एकर्सॉलची कारकीर्द त्याच वाटेने पार पडली होती. आता अध्यापकाच्या हाती गुणच राहिले नाहीत. ज्याला कोणी ओळखत नाही अशा उत्तरपत्रिकेपुढे प्रशिक्षकाचा शब्द चालत नाही. इतर विद्यापीठांत खेळाडूंसाठी शारीरिक शिक्षण, वाणिज्य, शेतकी असे सोयीचे पदवीक्रम होते. शिकागोत शारीरिक शिक्षणाची पदवी नव्हती, शेतकी महाविद्यालयही नव्हते. परिणामी चांगला शालेय खेळाडू शिकागोकडे वळेनासा झाला. बर्वांगर हा अपवाद होता. १९३६ साली व्यावसायिक संघांच्या पहिल्या निवडप्रक्रियेत त्याची सर्वप्रथम निवड झाली. ती नाकारून तो उद्योगात गेला. एका अपवादात्मक खेळाडूवर संघ उभा राहत नाही, हे पुढच्याच हंगामांनी दाखवून दिले.

प्रशिक्षक कमी पडला असे म्हणावे तर तेही टिकत नाही. स्टॅग वयाच्या सत्तराव्या वर्षी, १९३२ च्या हंगामाअखेर, निवृत्तीच्या नियमानुसार पायउतार झाले. त्यांच्या जागी आलेले क्लार्क शॉनेसी शिकागोत १९३९ पर्यंत झगडले. त्या शेवटच्या हंगामात संघाने मिशिगनकडून ८५-०, हार्वर्ड आणि ओहायो स्टेटकडून प्रत्येकी ६१-० आणि इलिनॉयकडून ४६-० असे पराभव स्वीकारले. दुसऱ्याच वर्षी शॉनेसी स्टॅनफर्डला गेले. त्या डबघाईस आलेल्या संघाने त्यांच्या हाताखाली १९४० चा संपूर्ण हंगाम अपराजित राहून पुढे ‘रोझ बोल’ही जिंकला. माणूस तोच, विद्या तीच; बदलले ते विद्यापीठ आणि त्याचे प्रवेशाचे व परीक्षेचे नियम.

१९०६ साली प्राध्यापकांना जे क्रीडा-नियमांनी साधले नाही, ते १९३१ साली परीक्षा-नियमांनी साधले, असे म्हणण्यास येथे पुरेसा आधार आहे. फुटबॉल बुडवावा असा त्यांचा हेतू नव्हता. अध्यापन आणि मूल्यमापन यांची फारकत करण्याचा त्यांचा निर्णय पूर्णतः शैक्षणिक होता. पण ज्या फटीतून खेळाचा धंदा विद्यापीठात टिकून होता, ती फट या निर्णयाने बुजली. क्रीडा-इतिहासकार मैदानावरचे आकडे पाहतात, शिक्षण-इतिहासकार अभ्यासक्रम पाहतात. दोघांच्या कक्षा एकमेकींना छेदत नाहीत, म्हणून ही साखळी दुर्लक्षित राहिली असावी. लेस्टर यांच्या ग्रंथात तिचे दुवे विखुरलेले सापडतात. ते जोडण्याऐवजी ग्रंथाचा भर शेवटच्या प्रकरणांत व्यक्तींच्या संघर्षावर गेला आहे आणि उत्थान, ऱ्हास, पतन असा शोकांतिकेचा आकृतिबंध विषयावर लादला गेला आहे.

हचिन्स यांचा युक्तिवाद

हचिन्स १९२९ साली वयाच्या तिसाव्या वर्षी अध्यक्ष झाले. खेळाविषयीच्या त्यांच्या उपहासाचे किस्से इतके प्रसिद्ध आहेत की त्यांच्या युक्तिवादाकडे कोणी पाहतच नाही. १९३८ चा लेख म्हणूनच नीट वाचण्यासारखा आहे. फुटबॉल मुळातच वाईट आहे, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. त्यांचा रोख खेळाच्या अर्थकारणावर आहे : तिकीटविक्रीवर अवलंबून असलेला खेळ शिक्षणाच्या ताब्यात राहूच शकत नाही. उपाय म्हणून त्यांनी तिकिटाचा दर दहा सेंटांवर आणावा आणि क्रीडासंचालक व प्रमुख प्रशिक्षकांना प्राध्यापकांप्रमाणे सेवेची शाश्वती द्यावी, असे सुचविले. म्हणजे त्यांची नोकरी गर्दी खेचण्यावर अवलंबून राहणार नाही.

पहिला उपाय मर्मावर बोट ठेवणारा आहे. १९०६ च्या परिषदेने जे टाळले तेच हचिन्स मांडत होते. दुसरा उपाय मात्र चकित करणारा आहे. सेवेची शाश्वती असलेला प्रशिक्षक कसा वागतो, हे पाहण्यासाठी हचिन्स यांना दुसरीकडे जाण्याची गरजच नव्हती. त्यांच्याच विद्यापीठात असा प्रशिक्षक चाळीस वर्षे होता आणि त्या चाळीस वर्षांत शिकागोने गर्दी खेचण्यात कसूर केली नव्हती. शाश्वतीने स्टॅग यांना गल्ल्यापासून मुक्त केले नाही. उलट गल्ल्याला प्राध्यापकपदाची प्रतिष्ठा मिळवून दिली. स्वतःच्या संस्थेचा इतिहास इतक्या सहज नजरेआड करणारा लेख बुद्धिवादाचा जाहीरनामा म्हणून गौरविला जावा, हे रूढ कथनाच्या दुबळेपणाचे लक्षण होय.

आणखी एक प्रश्न कालक्रमाचा आहे. हचिन्स यांना खेळ शिक्षणविरोधी वाटत होता, तर बर्वांगर मैदान गाजवत असताना, १९३५ साली, तो बंद करण्याचा आग्रह त्यांनी का धरला नाही? विश्वस्त मंडळाचे प्रमुख हॅरल्ड स्विफ्ट हे फुटबॉलचे जुने चाहते होते, हे एक उत्तर. आर्थिक मंदीच्या काळात माजी विद्यार्थ्यांना दुखावणे परवडणारे नव्हते, हे दुसरे. दोन्ही उत्तरे समजण्यासारखी आहेत. परंतु त्यातून दिसते ते इतकेच की, प्रेक्षक ओसरल्यानंतर आणि ८५-० सारखे आकडे शहरभर चर्चिले गेल्यानंतर निर्णय झाला. नोव्हेंबर १९३८ मध्ये तर स्टॅग स्वतः कॅलिफोर्नियातील कॉलेज ऑफ द पॅसिफिकचा संघ घेऊन आले आणि त्यांच्याच नावाच्या मैदानावर शिकागोला ३२-० असे हरवून गेले. रोगी दगावल्यावर दाखला लिहिणे यापेक्षा १९३९ च्या ठरावाचे स्वरूप फार वेगळे नव्हते. जानेवारी १९४० मध्ये हचिन्स यांनी विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणात मात्र त्याला तत्त्वाची झळाळी मिळाली आणि हीच झळाळी पुढील लेखकांच्या डोळ्यांपुढे राहिली.

यात हचिन्स यांना कमी लेखण्याचा हेतू नाही. हरणाऱ्या संघासाठी नवे खेळाडू विकत आणणे आणि त्यांच्यासाठी सोपे अभ्यासक्रम काढणे हा मार्ग खुला होता. कित्येक विद्यापीठांनी तो पत्करला. हचिन्स यांनी तो नाकारला आणि ‘न्यू प्लॅन’ला हात लागू दिला नाही. त्यांचे श्रेय कोणते, हे ठरविताना ते याच ठिकाणी शोधावे लागेल.

१९३९ नंतर

१९४६ साली शिकागो परिषदेतूनही बाहेर पडले. तत्पूर्वी, २ डिसेंबर १९४२ रोजी, स्टॅग फील्डच्या पश्चिमेकडील प्रेक्षासज्ज्याखालच्या रॅकेटच्या कोर्टात एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली स्वयंपोषित आण्विक शृंखला-अभिक्रिया घडवून आणली होती. मैदान ओस पडले आणि विज्ञानाने तेथे ठाण मांडले, हे चित्र इतके आकर्षक आहे की, जवळपास प्रत्येक लेखक त्याचा मोह पत्करतो. पण त्यातून बुद्धीच्या विजयाचा निर्वाळा काढणे घाईचे ठरते. तिकिटांचा गल्ला गेला आणि युद्धखात्याचा निधी आला. विद्यापीठाच्या कामाची दिशा बाहेरचा पैसा ठरवतो की काय, हा हचिन्स यांचाच प्रश्न तेथे अधिक मोठ्या प्रमाणावर उभा होता. अणुबाँबनंतरच्या काळात शिकागोच्याच शास्त्रज्ञांनी तो विचारला, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

खेळाचे पुनरागमन हा या इतिहासातील शेवटचा आणि लेस्टर यांच्या ग्रंथाच्या कक्षेबाहेर राहिलेला भाग आहे. १९६३ साली एका सराव-सामन्याच्या निषेधार्थ विद्यार्थ्यांनी मैदानाच्या मध्यरेषेवर ठिय्या दिला. फुटबॉल परतला तर त्याच्यामागून जुना धंदाही परतेल, ही त्यांची भीती होती. १९६९ मध्ये विद्यापीठाचा अधिकृत संघ पुन्हा उभा राहिला. त्याच वर्षाच्या प्रारंभी विद्यार्थ्यांनी प्रशासकीय इमारतीचा ताबा घेतला होता, त्यामुळे संघाकडे फारसे लक्ष कोणी दिले नाही. पुढे शिकागो राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या तिसऱ्या विभागात खेळू लागले. या विभागात खेळाच्या गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देता येत नाही. जुन्या मैदानावर १९७० साली रेगेनस्टाइन ग्रंथालय उघडले. संघ काही अंतरावरील नव्या स्टॅग फील्डवर खेळतो.

फुटबॉल आहे आणि विद्यापीठाच्या प्रतिष्ठेला बाधा नाही, ही स्थिती आता अर्धशतकाहून अधिक काळ टिकली आहे. १९६३ च्या विद्यार्थ्यांची भीती खरी ठरली नाही, कारण परतला तो खेळ. तिकीटविक्री, भरती आणि नभोवाणीचा पसारा परतला नाही. खेळ आणि ज्ञान यांचे वैर हा रूढ कथनाचा पाया या एका प्रकरणानेच डळमळतो. लेस्टर यांनी १९३९ पाशी लेखणी थांबवल्यामुळे त्यांच्या वाचकाला हा पुरावा पाहावयास मिळत नाही. ग्रंथाची ही सर्वांत मोठी उणीव मानावी लागेल.

शिकागोने सोडलेल्या परिषदेत २०२४ पासून अठरा विद्यापीठे आहेत. २०२२ साली तिने दूरचित्रवाणी-हक्कांचे जे करार केले त्यांचे मूल्य सात अब्ज डॉलर्सहून अधिक सांगितले गेले. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आपल्या खेळाडूंना उत्पन्नातील वाटा थेट देऊ शकतात. २०२५-२६ या वर्षासाठी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठास सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर्स इतकी ठरली. खेळाडू हा कामगार आहे की विद्यार्थी, या वादावर तेथे आता न्यायालयांत आणि विधिमंडळांत निर्णय होत आहेत. परिषदेच्या नावातून ‘प्राध्यापक-प्रतिनिधी’ हे शब्द १९८७ मध्ये गेले. या निर्णयांपैकी एकही प्राध्यापकांच्या सभेत झालेला नाही.